बिनवासाचा साबण

बिनवासाचा साबण मिळवायला बरंच हिंडावं लागतं. म्हापशाच्या बाजारात मी एकामागून एक दुकानं पालथी घातली होती. एका दुकानदारानं तोंडावरच विचारलं, की वासच नको तर साबण कशाला घेतेस, चुलीतली राख लाव. शेवटी औषधाच्या दुकानात, तान्ह्या मुलांच्या पावडरींमागे, एक पांढरी वडी सापडली. गेल्या वर्षीचा काजूचा जवळजवळ सगळा हंगाम मी त्या साबणानं अंघोळ केली. उरलेला तुकडा अजून आमच्या न्हाणीच्या कोनाड्यात आहे. सुकून त्याला भेगा पडल्या आहेत. यंदा बोंडू पडायला लागले त्या सकाळी माझा हात सवयीनं तिकडे गेला, आणि अर्ध्यावर थांबला.

आमच्या गावात, पार्स्यात, काजूचा हंगाम डोळ्यांच्या आधी नाकाला कळतो. रात्रभर गळलेली काजूची पिवळी-तांबडी फळं, म्हणजे बोंडू, सकाळी गोड वास देतात, दुपारी त्याच वासाला आंबटपणा चढतो, आणि संध्याकाळी भाटी पेटली की तो जड होऊन उतारावरून घरांत शिरतो. भाटी म्हणजे आमच्या डोंगरावरची झावळांच्या छपराखालची जागा. तिथे बोंडूंच्या आंबलेल्या रसाची आधी हलकी दारू, उराक, निघते आणि मग कडक फेणी. हा वास कपड्यांना लागतो, केसांना लागतो, दोरीवर वाळणाऱ्या उशीच्या अभ्र्यांना लागतो. शाळेत असताना वर्गातल्या निम्म्या मुलांना तो लागलेला असायचा, म्हणून तो कुणालाच यायचा नाही. आपल्याला वास येतो हे कळायला, तो नसलेलं माणूस शेजारी बसावं लागतं. मला ते पणजीला कॉलेजात गेल्यावर कळलं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. ज्या दिवशी मी पहिल्यांदा पणजीची बस धरली, त्या सकाळी बाबांनी डोंगरावर जाऊन राखणदाराला नारळ ठेवला होता. राखणदार म्हणजे त्या डोंगराचा मालक. त्याला देऊळ नाही, एका जुन्या किंदळीच्या बुंध्याशी एक दगड आहे, एवढंच. बाबा एरवी कमी बोलणारे, पण गाऱ्हाणं घालताना त्यांचा आवाज निराळाच लागतो. समोर कुणीतरी वडीलधारं बसलं आहे आणि घरातल्या सगळ्यांच्या वतीनं आपण बोलतो आहोत, असा. घरातलं माणूस लांब निघालं की त्या गाऱ्हाण्याचा शेवट ठरलेला असायचा: "गेल्ल्या पावलान परत हाड रे महाराजा." गेल्या पावली परत आण, एवढंच मागणं. आणि भोवतीच्या सगळ्यांनी म्हणायचं, "व्हय महाराजा." आई माहेरी आरोंद्याला जाताना, मी परीक्षेला म्हापशाला जाताना, आमच्याकडे कामाला येणारा नामदेव तिरुपतीला जाताना, हे शब्द मी ऐकत आले. इतक्यांदा ऐकले, की त्यांच्याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

गेल्या वर्षी मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. किण्वन शिकवणाऱ्या डिसा मॅडमनी तेव्हा एक छोटंसं मंडळ सुरू केलं, वाइनचा वास आणि चव ओळखायला शिकणाऱ्यांचं. शनिवारी दुपारी त्यांच्या घरी जमायचं, सराव करायचा, आणि सप्टेंबरात, द्राक्षांच्या काढणीच्या दिवसांत, सगळ्यांनी मिळून पोर्तुगालच्या उत्तरेला जायचं, असा बेत होता. तिथले मळे बघायचे, वाइन चाखायच्या, आणि एका ठिकाणी दगडी टाकीत उतरून द्राक्षं पायांनी तुडवायचीसुद्धा. आम्हां विद्यार्थ्यांसाठी कसलीशी शिष्यवृत्ती मॅडमनीच शोधून काढली होती. मंडळात माणसं मोजकीच होती. माझ्या वर्गातला रोहन, त्याच्या घरी जेवणाच्या मेजावर वाइन नेहमीचीच. वास्कोचे आंतोन अंकल, जहाजांवर खाण्यापिण्याची व्यवस्था बघत आयुष्य काढून आता निवृत्त झालेले. शिवाय मॅडमच्या काही मैत्रिणी.

मी कशाला गेले, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आता वाटतं, वासाबद्दल बोलणारी माणसं मला हवी होती. आमच्याकडे वास सगळ्यांना कळतो. रस किती आंबला, आग किती लागली, सगळं नुसतं नाक पुढे करून ठरतं. पण त्यावर कुणी बोलत नाही. मॅडमच्या घरी एक पेला हातोहात फिरायचा आणि त्यावर अर्धा तास बोलणं चालायचं. मला ते फार श्रीमंतीचं वाटलं.

मॅडमनी पहिल्याच दिवशी नियम सांगितले. अत्तर नको, फुलं नकोत, केसांना तेल नको, वासाचा साबण नको. एकाच्या अंगचा वास दुसऱ्याच्या पेल्यात उतरतो, आणि मग कुणालाच काही कळत नाही. मी अबोलीचा वळेसर माळणं सोडलं. खोबरेल सोडलं. शनिवारी साबणाशिवायच अंघोळ करू लागले. केस राठ झाले, ते वाऱ्यावर उडायचे, आणि बसमध्ये पाठच्या बायका मला वेणी घट्ट घालायला सांगायच्या. या सगळ्याचं मला काही वाटलं नाही. काहीतरी शिकायचं तर काहीतरी सोडावं लागतं, इतपत मला माहीत होतं.

मग मार्च आला. एका शनिवारी मी मॅडमच्या मेजाशी बसले, आणि मॅडमनी पेला नाकाशी नेला, खाली ठेवला, परत उचलला. मग इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, कुणी फळं कापून आलंय का. आदल्या संध्याकाळी मी डोणीत, बोंडू तुडवायच्या टाकीत, उतरले होते. घरी परतून दोनदा अंघोळ केली होती, लिंबू चोळलं होतं. तरी माझ्या नखांत, पायांच्या भेगांत बोंडू होताच. मी सांगितलं. कुणी नाक मुरडलं नाही, कुणी हसलं नाही. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, की आजच्यापुरती जनेलाशी, त्या उघड्या खिडकीपाशी, बसशील का. मी जनेलाशी बसले. बाहेर वारा होता. सगळे माझ्याशी इतके चांगले वागले, की मला रागावताही येईना. त्या दिवशी परतताना म्हापशाला उतरून मी तो साबण शोधला. पण बोंडूपुढे कुठल्या साबणाचं काही चालत नाही. शेवटी उपाय एकच होता, डोणीत उतरायचंच नाही.

डोण म्हणजे भाटीच्या वरच्या अंगाला जांभ्या दगडात कोरलेली उथळ टाकी. गोळा केलेले बोंडू तिच्यात ओतायचे आणि वर आडव्या बांधलेल्या वाश्याला धरून पायांनी तुडवायचे. मी लहान असताना त्या वाश्याला बाबा आणि सदाकाका असे दोघे लोंबकळलेले असायचे. सदाकाका बाबांचा धाकटा भाऊ. तुडवताना तो एवढी बडबड करायचा, की खाली बिया सोलणाऱ्या बायकांचे हात हसण्यानं थांबायचे. मी आठवीत असताना तो गेला. आजोबा पोर्तुगीजांच्या राज्यात जन्मलेले, त्यांचे जुने दाखले काढून काकानं पोर्तुगालचं पारपत्र मिळवलं, आणि त्याच्या जोरावर तो इंग्लंडला एका गोदामात कामाला लागला. आमच्या भागात असे पुष्कळ आहेत. वाड्यावाड्यांत एखाद्या घराला नवा रंग आणि बंद दारं असतात. "दोन वर्सां काढतंय आनी येतंय," असं तो म्हणाला होता. बाबांनी गाऱ्हाणं घातलं होतं. तो अजून यायचा आहे.

काका गेला त्या हंगामात डोणीत बाबा एकटे होते. मुलींनी डोणीत उतरायचं नसतं, असं सगळेच म्हणायचे. पण एका संध्याकाळी बोंडूंचा ढीग आंबायला लागला होता आणि बाबांचे पाय थकले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "उतर." वासा काकाच्या उंचीला बांधलेला, माझा हात पोचेना. बाबांनी दोरी सोडली आणि वासा खाली आणून बांधला. पायाखाली बोंडू फुटले तेव्हाचा तो गारवा मला अजून आठवतो. पायांना थोडीशी खाज सुटली, घोट्यांशी फेस आला, वर चढणाऱ्या वासानं घसा खवखवला. त्यानंतर दर हंगामाच्या शेवटी ते मला पुढच्या हंगामाचं सांगायचे. "फुडल्या वर्साक वयल्या झाडांचे बोंडू आदी घेवया." "फुडल्या वर्साक डोणीची चीर बुजवया." मला वाटायचं, बाबा कामाचं बोलताहेत.

आणि गेल्या वर्षी मी सांगितलं, की यंदा मी डोणीत येणार नाही.

"वास लागता, बाबा," मी म्हटलं. "शनवारी वर्ग असता. दुसऱ्यांका तरास होता."

बाबा पाय धूत होते. त्यांनी वर बघितलं नाही. "काजूच ती. वास लागतलोच गो," एवढंच म्हणाले, आणि लोट्यातलं उरलेलं पाणी दुसऱ्या पायावर ओतलं.

तोवर गावात बातमी फिरली होती. पोर्तुगाल म्हटल्यावर आमच्याकडे एकच अर्थ होतो. सुमनकाकी, आमची शेजारीण, बिया निवडता निवडता मला विचारत राहिली, की दाखले निघाले का, आजोबांच्या जन्माचा कागद कुठे मिळाला, आणि तिथून इंग्लंडला जायला किती दिवस लागतात. मी तिला समजावून सांगितलं, की मी दोन आठवड्यांनी परत येणार आहे, आम्ही सगळे मिळून वाइन चाखायला जातोय. तिनं निवडणं थांबवलं.

"सोरो चाखूक? इतक्या लांब?" ती म्हणाली. "तुझ्या बापाशीन काय पाप केल्यान गो? त्याचो कसो लागता?"

बायका हसल्या, मीही हसले. मग ती जरा जवळ सरकून म्हणाली, की आम्हांला सांगायचं नसेल तर राहू दे, पण आईला तरी खरं सांग. चोपड्याच्या एका मुलानं असंच सांगितलं होतं, मित्रांबरोबर फिरायला जातो म्हणून. आता त्याची आई फोनवर त्याचं तोंड बघते. जितकं खरं सांगावं तितकं ते खोटं वाटत होतं. गावातली माणसं मला बसथांब्यावर भेटली की निरोप दिल्यासारखी बोलू लागली. शाळेतले एक मास्तर म्हणाले, तिथे गेल्यावर आपली भाषा विसरू नकोस. मी अजून रोज संध्याकाळी त्याच बसनं घरी येत होते.

मॅडमच्या घरी मात्र प्रगती होत होती. मॅडम लहान पेल्यांत वेगवेगळे पदार्थ घालून वर कागद बांधायच्या, आणि नुसत्या वासावरून नाव सांगायचं. दालचिनी, भिजलेली माती, कातडं, जुनं लाकूड. काही फळं मी कधी बघितलीच नव्हती. त्यांचा वास मी मुरंब्याच्या बाटलीतून पाठ केला. रोहनला ती फळं म्हणजे कुठल्याशा सुट्टीतली सकाळ आठवायची. मला बाटली आठवायची. तरी मी चुकत नव्हते. आंतोन अंकल माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, तुझं नाक जहाजावर हवं होतं, सडका मासा कधी ताटात आला नसता.

पहिल्यांदा खरी बाटली उघडली त्या दिवशीची गोष्ट. माझ्या हातात पेला आला आणि काही कळायच्या आत मी तो किंचित तिरपा केला. तांबडे थेंब मॅडमच्या पांढऱ्या फरशीवर पडले. आमच्या भाटीवर पहिली धार कुणाच्याही तोंडात जात नाही, ती आधी जमिनीवर राखणदाराची. हात आपोआप गेला होता. सगळे बघायला लागले. थुंकायचं भांडं तिकडे आहे, असं रोहन म्हणाला. मी घाईघाईनं रुमाल काढून फरशी पुसली आणि पुसता पुसता काय ते सांगितलं.

"ह्या घराक राखणदार ना गो," आंतोन अंकल म्हणाले. "भाड्याचें घर."

मला हसू आलं, आणि बरंही वाटलं. पण मॅडमना ते फार आवडलं. त्यांनी मला सगळ्यांसमोर ते परत सांगायला लावलं. त्यांच्या मैत्रिणींनी प्रश्न विचारले. पुढच्या शनिवारी रोहननं पेला हातात घेतला, माझ्याकडे बघून हसला आणि मोठ्या थाटात दोन थेंब भांड्यात सांडले. "राखणदार," तो म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मग सगळेच तसं करायला लागले, ती आमच्या मंडळाची एक गंमतच झाली. मी मात्र त्यानंतर थेंब सांडले नाहीत. पेला सरळ धरायची सवय लावून घेतली.

घरी कुणी प्रश्न विचारत नव्हतं. आई माझ्या वाटणीची कामं मुकाट्यानं स्वतः करू लागली. बोंडू वेचायची खिळा लावलेली काठी मी उचलली, की ती म्हणायची, हात काळे होतील, तुला लोकांत जायचं आहे. पोदेर पाव घेऊन आला, की माझ्यापुरता जास्तीचा घ्यायची, पाहुण्यासारखा. आणि एका संध्याकाळी, मी ओट्यावर अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसले असताना, बाबा अंगणात नामदेवशी बोलत होते. नामदेव सातार्ड्याचा. पूर्वी डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचा, ते काम थांबल्यापासून काजूच्या दिवसांत आमच्याकडे यायचा.

"फुडल्या वर्साक डोणीत तू," बाबा त्याला म्हणाले. "बाय नसतली."

बाय म्हणजे मी. त्यांनी आवाज खाली आणला नव्हता. मी ऐकतेय हे त्यांना माहीत होतं, आणि मी ऐकू नये असंही काही त्यांना वाटत नव्हतं. जे ठरलंय ते ते बोलत होते. दुसऱ्या दिवशी मी डोणीकडे गेले तर वासा वर चढवून बांधलेला होता. नामदेव उंच आहे.

मी तेव्हा बोलायला हवं होतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटतं. पण काय बोलणार होते मी? परत येईन, हे वाक्य आमच्या घरात आधीच एकदा बोलून झालं होतं, त्याच ओट्यावर. माझ्या तोंडी ते काकाचंच वाक्य झालं असतं. एकदा मनात आलं, की मॅडमना सांगावं, मी येत नाही. दोन दिवस ते मनात घोळत होतं. पण न जाऊन काय सिद्ध होणार होतं? जी गेलीच नाही ती परत कशी येणार? बाबांना वाटतच राहिलं असतं, की यंदा नाही गेली, पुढे जाईल. त्यांना दाखवायचं असेल तर मला जावंच लागणार होतं.

मे संपत आला तेव्हा शेवटची भाटी लागली. त्या दिवशी राखणदाराला नारळ, रोट आणि त्या हंगामाची फेणी देतात. आई होती, सुमनकाकी होती, नामदेव होता. लोटा माझ्या हातात होता. किंदळीखाली पाला सुकून कुरकुरीत झाला होता आणि त्यावर उन्हाचे तुकडे हलत होते. बाबांनी हात जोडले.

"बा राखणदारा महाराजा, चारी शीवेच्या मालका. सालाबादपरमान तुझो मान तुका दिलंव, तो गोड करून घे."

"व्हय महाराजा."

"भाटयेची आग भाटयेतच ऱ्हवांदे."

"व्हय महाराजा."

"माझी बाय आता परमुलखाक जाता. थंय तिचा सगळा बरा होवांदे. जंय असात थंय तिची राखण कर."

"व्हय महाराजा."

मी पुढच्या वाक्याची वाट बघत होते. ते येणारच होतं. म्हापशाला जातानाही आलं होतं. आईनंसुद्धा बाबांकडे बघितलं. बाबांनी खाली वाकून नारळ उचलला आणि दगडावर आपटला. पाणी पाल्यावर सांडलं. गाऱ्हाणं संपलं होतं.

संध्याकाळी आई चुलीशी होती. मी तिच्या मागे उभी राहून विचारलं, की बाबांनी परत आण म्हणून का नाही सांगितलं. आईनं लाकूड आत सारलं, फुंकर घातली.

"सदाच्या वेळेक मागलेले गो त्यांनी," ती म्हणाली. "मोठ्यान मागलेले. मगे?"

ती परत चूल फुंकायला लागली. बाबा राखणदारावर रुसले नव्हते. त्यांनी त्याची सोय बघितली होती. जे त्याला देता येणार नाही ते परत मागून त्याला अडचणीत कशाला टाका, असं. माणसाला जपावं तसं त्यांनी राखणदाराला जपलं होतं. त्या रात्री त्या साबणानं हात धुताना मला पहिल्यांदाच तो बिनवास नकोसा झाला. हाताला कुठलाच वास नव्हता. ना आमचा, ना त्यांचा.

सप्टेंबरात आम्ही गेलो. त्या प्रवासाबद्दल मंडळातले सगळे अजून बोलतात. माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे. डोंगराला पायऱ्या पाडून लावलेले द्राक्षांचे मळे, खाली हिरवी नदी, उन्हात तापलेल्या दगडांचा वास. दगडी टाकी आमच्या डोणीपेक्षा कितीतरी मोठी. तिच्यात वासा नसतो. सगळ्यांनी एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून ओळीत उभं राहायचं आणि एकदमच पाय उचलायचा. माझ्या एका बाजूला मॅडम होत्या, दुसऱ्या बाजूला आंतोन अंकल, दोघांचे हात माझ्या खांद्यांवर. द्राक्षं मांड्यांपर्यंत गार आणि बुळबुळीत होती. सगळे गात होते. माझा हात मधूनच वर जायचा, नसलेल्या वाश्याकडे, आणि आंतोन अंकल तो परत आपल्या खांद्यावर ठेवायचे. इतक्या माणसांना बिलगून मी कधीच उभी नव्हते, आणि त्या टाकीत मला जितकं एकटं वाटलं तितकंही कधी वाटलं नव्हतं. बाहेर आल्यावर हातात पेला दिला गेला. सगळे फोटो काढण्यात गुंतले होते. मी वळून, मातीवर, थोडी सांडली. ती जागा कुणाची होती, तिथे राखण करणारं कुणी होतं की नाही, मला माहीत नाही.

मी ठरल्या दिवशी परत आले. बसमधून पार्स्याला उतरले तेव्हा दुपार होती. आई दारात आली आणि क्षणभर तिला काय करावं ते सुचलंच नाही. खोलीत गेले, तर माझ्या कपाटात पावसाळ्यातल्या गोधड्या घड्या करून ठेवलेल्या. आई ओशाळून त्या काढायला लागली, मीही काढायला लागले. बाबा संध्याकाळी आले. मला बघून म्हणाले, "इलंस?" मी म्हटलं, "इलंय." त्यांनी जेवताना तिकडच्या पावसाचं विचारलं. मला वाटलं होतं, परत आल्यावर सगळं पूर्ववत होईल. पण माझं जाणं त्यांनी मे महिन्यातच सोसून संपवलं होतं, आणि आता मी समोर असताना त्यांना मला कुठे ठेवावं ते कळत नव्हतं. गावातही तसंच. सुमनकाकीनं विचारलं, व्हिसा नाकारला का गो.

आता पुन्हा काजू आहे. मी शनिवारी मॅडमकडे अजून जाते, बोंडूचा वास घेऊनच, आणि आपणहून जनेलाशी बसते. बसमध्ये शेजारची बाई कधी कधी उठून दुसरीकडे बसते.

यंदाची पहिली भाटी लागली त्या दिवशीही लोटा माझ्याच हातात होता. तीच किंदळ, तीच माणसं. बाबांनी मान दिला, आगीचं मागितलं, सदाकाकाला तिकडे सुखी ठेव म्हणाले. आम्ही प्रत्येक वेळी व्हय म्हटलं. मग बाबा थांबले. एवढे थांबले, की नामदेवनं डोळे उघडून बघितलं.

"माझी बाय," बाबा म्हणाले, "गेल्ल्या पावलान परत इली, महाराजा. मी मागूक नाय होतंय. तरी हाडलंस."

हे मागणं नव्हतं. त्यावर व्हय म्हणायचं असतं की नाही, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. खाली भाटीतलं लाकूड तडतडलं. मी लोटा तिरपा केला आणि पहिली धार मुळाशी सोडली. मातीत ती लगेच शोषली गेली.

नंतर मी डोणीत उतरले. नामदेव एका बाजूला सरकला. वासा उंच होता, मला टाचा उचलून धरावा लागत होता, आणि टाचा उचलून तुडवता येत नाही. बाबा काठावर उभे राहून बघत होते.

"तुका उंच पडता," ते वाश्याकडे बघून हात खाली आणत म्हणाले. "यंदा ऱ्हवांदे. फुडल्या वर्साक सकयल बांदूया."

जूनमध्ये माझं शिक्षण संपतंय. पुढच्या वर्षी मी कुठे असेन, पुण्याला की आणखी लांब, मला खरंच ठाऊक नाही. घोट्यांशी फेस आला होता. मी वासा बोटांच्या टोकांनी धरला आणि म्हटलं, "व्हय."